कोरड्या टाचा

हजला निघण्याआधी गावात फिरून माफी मागायची असते. आमच्यात त्याला 'कहा-सुना माफ' म्हणतात. बोललो असेन, दुखवलं असेल, कळत-नकळत कुणाचं काही बिघडवलं असेल तर माफ करा, मी चाललो. देवाचं चुकलं तर देव माफ करतो. पण माणसाचं चुकलं तर त्या माणसानंच माफ करावं लागतं, तिथं अल्ला मध्ये पडत नाही. हे मी आजवर कितीतरी जणांना समजावून सांगितलं आहे. समजावून सांगायची मला खोडच आहे. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, निवृत्त झालो, आणि शिकवायला पोरं उरली नाहीत म्हणून गावालाच शिकवायला लागलो.

मी मैनोद्दीन. सोनपेठच्या पुढं, गोदावरीपासून कोसभर अलीकडं आमचं गाव. गावात मला मैनूमास्तर म्हणतात. गेली तीन वर्षं मशिदीच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे.

यंदा माझा हजचा नंबर लागला. निघायला आठ दिवस राहिले तसा मी कामाला लागलो. हजेरीपट भरावा तशी वहीत घरांची यादी केली आणि रोज संध्याकाळी पंधरा-वीस घरं उरकू लागलो. लोक दारातच हात धरायचे. "मास्तर, तुमी आमचं काय वाकडं केलं? आमच्यासाठी दुआ मागा तिथं." चहा व्हायचा. मी बाहेर पडून वहीत नावापुढं खूण करायचो. ज्यांचं आपण कधी काही बिघडवलं नाही त्यांच्याकडून माफी मिळवणं फार सोपं असतं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

हिंदू घरंही यादीत होतीच. मशिदीच्या भिंतीला लागून नर्मदाबाईंचा गोठा आहे. सत्तरी ओलांडलेली बाई, तोंडानं फटकळ. मी हात जोडले तर म्हणाल्या, "मला कशाला माफी मागता? माझ्या म्हशीला मागा. तुमचे नळ झाल्यापसून तिच्यासाठी मी ओढ्यापलीकडून पाणी आणायलेय." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तरी मी त्यांच्या नावापुढं खूण केलीच.

पाचव्या दिवशी वहीत एकच नाव बिनखुणेचं उरलं. मौलासाब पखाली.

माझ्या बायकोनं, जैतुनबीनं, वही उघडून पाहिली. ती कमी बोलते, पण बोलते तेव्हा जिथं लागायचं तिथंच लागतं. "सौ चूहे खाके बिल्ली हज को चली," ती म्हणाली, आणि वही मिटून माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली.

मौलासाबांचं घराणं पखालीचं. नळ नव्हते तेव्हा हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर चामड्याची पखाल टाकून ही माणसं गावभर पाणी भरायची. पखाल गेली, हेला गेला, पण मशिदीच्या आडाचं काम त्यांच्याकडं राहिलं. आधी बाप, मग मौलासाब. पन्नास वर्षं तो माणूस पहाटेच्या अजानीआधी येऊन पोहऱ्यानं पाणी शेंदायचा. नमाजीआधी वजू करावा लागतो, म्हणजे हात, तोंड, पाय रीतीनं धुवावे लागतात. त्यासाठी मौलासाब प्रत्येकाला मातीचा तोटीचा लोटा भरून द्यायचे. एकच लोटा. दुसरा मागितला तर म्हणायचे, "येवढ्यात व्हतो. दमानं घ्या."

ते पाणीही वाया जात नव्हतं. वजूला बसायच्या दगडांखालून एक पन्हळ होती. ती भिंतीतून बाहेर निघून गोठ्याशेजारच्या दगडी डोणीत पडायची. तिथं नर्मदाबाईंची म्हैस प्यायची, चिमण्या-साळुंक्या प्यायच्या, आणि उतू गेलेल्या पाण्यावर मेंदीचं एक जुनं झाड तग धरून होतं. ईदच्या आदल्या दिवशी आमच्या पोरी आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांच्या पोरी त्याच झाडाची पानं ओरबाडायला यायच्या.

मला मात्र हे सगळं बघून लाज वाटायची. खरं सांगतो. परभणीच्या, पूर्णेच्या मशिदी मी पाहिल्या होत्या. चकचकीत फरशा, नळांची रांग. आणि आमच्याकडं अजून पोहरा, दोर आणि मातीची भांडी. पाहुणे आले की मी आधी आडाकडं पाठ करून उभा राहायचो. लाज कशाची वाटून घ्यावी हे माणसाला कळलं असतं तर निम्मी पापं टळली असती.

सेक्रेटरी झालो तसं मी ठरवलं. आड स्लॅब टाकून झाकायचा, बोअर घ्यायचं, वर फरशी आणि बारा नळ. कमिटीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे मौलासाब दारात उभे राहून म्हणाले, "आड झाकू नका, मास्तर. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच आडानं दोनी गल्ल्या जगवल्या. शेंदत राह्यलं तर पाणी जितं राहतं. आन् नळाला माप नसतंय."

दोघा-तिघांनी "बराबर हाय की" म्हटलं. अक्षरओळख नसलेल्या माणसानं भर बैठकीत मला शिकवावं आणि लोकांना ते पटावं, हे मला सोसलं नाही. वर्गात एखादं पोरगं उलट बोललं की मी त्याला फळ्यापुढं उभं करायचो. सगळ्यांदेखत एकदा पाणउतारा केला की ते पुन्हा तोंड वर करत नसे. मौलासाबांचंही मी तेच केलं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतरचा जुम्मा, शुक्रवारची दुपारची नमाज होती. नमाज झाली, लोक अजून बसून होते. मी उठलो आणि म्हणालो, हदीसमध्ये आलंय, वजूत ज्यांच्या टाचा कोरड्या राहतात त्या टाचांना आगीची शिक्षा आहे. मग मौलासाबांकडं बोट केलं. "आता तुम्हीच सांगा, यांच्या एका लोट्यात टाचा भिजतात का? पाणी हे मोजून देणार! मग आपल्या नमाजा कबूल झाल्या का? पन्नास वर्षं हा माणूस गावाच्या नमाजा बुडवत आलाय."

टाचांची हदीस, म्हणजे प्रेषितांचं ते वचन, खरं आहे. पुढचं सगळं माझं होतं.

मौलासाब मान खाली घालून स्वतःच्या पायांकडं बघत होते. मग उठले, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा मशिदीत आले नाहीत. पंधरा दिवसांत स्लॅब पडला. मातीचे लोटे मजुरांनी फोडून फरशीखाली भर म्हणून घातले, आणि डोणीकडं जाणारी पन्हळही त्याच फरशीखाली बुजली. नळांच्या वर संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर माझं नाव. मौलासाबांचं कुणी विचारलं की मी म्हणायचो, म्हातारा रुसलाय, येईल आपोआप. मनातून बरंही वाटायचं. वाद जिंकला होता ना.

महिन्याभरानं परभणीला एका धार्मिक जलशाला गेलो होतो. एक बुजुर्ग आलिम, धर्माचे जाणकार, बोलत होते. ते म्हणाले, प्रेषित स्वतः दोन ओंजळी पाण्यात वजू करायचे. वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी वजूला पाणी उधळू नका, असं त्यांनी बजावलंय. मी पुढच्याच रांगेत होतो. माझे कान तापले. दोन ओंजळी म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. मौलासाबांचा लोटा त्याहून मोठाच होता.

त्या दिवशी गावात उतरून मला एकच शब्द बोलायचा होता. चुकलो. एसटीत तो जिभेवर होता, स्टँडवर उतरल्यावर गिळला. स्लॅबवर अजून पाणी मारणं चालू होतं. आत्ताच कसं सांगायचं? पुढच्या जुम्म्याला सांगू. मग त्याच्या पुढच्या. न बोललेली गोष्ट दर आठवड्याला जड होत जाते आणि शेवटी ती उचलायचीच भीती वाटते. पहिल्या उन्हाळ्यात मेंदी वाळली. दुसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे यंदा मार्चमध्ये, बोअर कोरडं पडलं. बारा नळ, आणि त्यांना पाणी टँकरचं. पायाखाली आड आणि त्याच्यावर उभे राहून आम्ही टँकरची वाट बघतोय. "मौलाचाचा असते तर," असं एकदा कुणीतरी म्हणालं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा मी ओढ्यापलीकडं त्यांच्या घरी गेलो. त्याआधी दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन परत आलो होतो. एकदा चप्पल तुटली म्हणून, आणि एकदा काहीच न होता.

दुपार कलली होती. मौलासाब छपराखाली भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेली. समोर दोन मडकी. एक चिंचोक्यांनी गळ्यापर्यंत भरलेलं, दुसऱ्यात तळाशी थोडे. आमच्यात दुआ-दरूद मोजायला चिंचोके वापरतात, तसंच काही असेल असं वाटलं.

"या मास्तर," ते म्हणाले. "हजला निघालात म्हणं. मुबारक." आमच्या घराघरांत दखनी बोलतात, पण या माणसाचा जन्म मराठी गल्ल्यांत पाणी भरण्यात गेलेला, त्यामुळं ते माझ्याशीही मराठीतच बोलत.

मी वाक्य पाठ करून आलो होतो. "मौलाचाचा, कहा-सुना माफ करा."

"माफ," ते लगेच म्हणाले. "तुमी तर माझं भलंच केलं."

मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"त्या दिशी तुमी बोललात म्हणून कळलं तरी. न्हाईतर तसाच गेलो असतो." त्यांनी मडक्यांकडं हात केला. "पन्नास वर्सांच्या नमाजा वाया गेल्या माझ्या. त्या फेडायलोय. रोज तीन दिसांच्या पढतो. महिन्याच्या भरल्या का एक चिंचोका ह्यातून त्यात. साडेचार वर्सं झाली फेडून. समद्या काय फिटायच्या न्हाईत. पर वर इचारलं तर सांगता यील, बसलो व्हतो म्हणून."

मी गुडघ्यांच्या फडक्यांकडं बघितलं. रोज पाच वेळच्या नमाजा, आणि वर तीन दिवसांच्या. पंच्याहत्तरीच्या पुढचा माणूस.

"मग मशिदीत का येत नाही?" मी कसंबसं विचारलं.

"कोणत्या तोंडानं यू? ज्यांच्या नमाजा बुडवल्या त्यांच्याच रांगंत उभा राहू?" मग त्यांचा आवाज खाली आला. "माझं एक सोडा, मास्तर. बापाचं लय वाईट वाटतं. त्यानं बी जलमभर तोच लोटा वापरला. त्याला तर आता फेडता बी येत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष मी याला रुसवा समजत होतो. हा माणूस माझ्यावर रुसला नव्हता, त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मास्तर बोलले म्हणजे खरंच असणार. गावात माझं बोलणं इतकं खरं मानणारा तो एकटाच असेल, आणि त्याच्याशीच मी खोटं बोललो होतो.

मी त्यांना सगळं सांगितलं. दोन ओंजळींचं, नदीकाठचं. "तुमचा लोटा पुरेसा होता, चाचा. पुरेसा काय, जास्तच होता. तेव्हा मी बोललो ते माझ्या पदरचं होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मडक्यांकडं. मग लहान पोरानं विचारावं तसं म्हणाले, "म्हंजी बापाच्या नमाजा झाल्या?"

"झाल्या."

"माझ्या?"

"सगळ्या झाल्या. गावाच्याही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मग आतल्या सुनेला हाक मारली, "आगं ऐकलं का! आब्बाच्या नमाजा झाल्यात म्हणं!" आणि डोळे पुसत माझ्याकडं वळले. "कवा कळलं तुमाला हे?"

त्यांनी अगदी सहज विचारलं. मीही तितक्याच सहज म्हणालो, "परवाच. हजच्या शिबिरात."

"अल्ला भलं करो तुमचं," मौलासाब म्हणाले. "कळल्या कळल्या सांगायला आलात."

तेवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजीची, अजान झाली. "हितंच पढू संगं," ते म्हणाले, आणि दोन लोटे भरून आणले. टँकरचंच पाणी, रांजणातून मापानं काढलेलं. आम्ही समोरासमोर दगडावर बसलो. मी मनगटांपर्यंत हात धुतले, चूळ भरली, नाकाला पाणी लावलं, तोंड धुतलं. नळाची सवय झालेला हात, ओंजळ भरायचो आणि निम्मी सांडायचो. कोपरांपर्यंत हात होईतो लोटा हलका लागायला लागला. डोक्यावरून ओला हात फिरवला, उजव्या पावलावर ओतलं, डाव्यावर ओतलं, आणि तोटीतून थेंब यायचे थांबले. पावलं वरून ओली झाली होती. टाचा कोरड्या होत्या.

मी पाय मुडपून घ्यायला लागलो. कुणी बघितलं नाही असं समजून उठणारच होतो. मौलासाबांचा वजू आटोपला होता आणि त्यांच्या लोट्यात अजून पाणी होतं. ते बसल्या जागेवरून पुढं सरकले. माझा पाय धरला, बारीक धार सोडली आणि आपल्या हातानं माझी टाच चोळून धुतली. मग दुसरी. मी पाय ओढायला गेलो तर त्यांनी सोडला नाही.

"राह्यलं व्हतं जरासं," ते म्हणाले. एवढंच. टाचांची हदीस त्यांना आठवली नसेल असं कसं म्हणू? दीड वर्ष त्यांनी दुसरं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी जुम्मा. नमाजीनंतर मशिदीत माझा सत्कार होता. मौलासाब आले होते. धुतलेले कपडे, डोक्यावर रुमाल, घरूनच वजू करून. शेवटच्या रांगेत बसायला निघाले तर लोकांनी हाताला धरून पुढं आणलं. माझ्या गळ्यात हार पडले आणि कमिटीच्या सदरसाहेबांनी माइक हातात दिला.

जे सगळ्यांदेखत बोललो होतो ते सगळ्यांदेखतच मागं घ्यायला हवं, एवढं मला कळत होतं. मी बोललो. चाचांचा लोटा बरोबर होता, मी चुकीचं बोललो, त्यांच्यावर नको तो आळ घेतला. आड उघडा. माझ्या नावाची पाटी काढा. आणि मग, कुणी विचारलंही नसताना, मी म्हणालो, "मला हे परवाच कळलं."

"सुभानल्ला!" कुणीतरी म्हणालं. सदरसाहेबांनी माइक घेतला. "बघा मास्तरांचं मन! चूक कळली आणि दोन दिवस थांबले नाहीत. असं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. ईद झाली की स्लॅब फोडू." लोक उठून मला मिठ्या मारायला लागले. हारांवर हार पडले. सगळ्यात आधी मिठी मारली ती मौलासाबांनी. बाहेर निघताना भिंतीपलीकडून नर्मदाबाईंनी आवाज दिला, "मास्तर, माझी म्हैस म्हणायलीय, माफ केलं!" सगळे हसले.

चोरी कबूल करावी आणि त्यातही निम्मा माल खिशात ठेवावा, तसं मी केलं होतं. त्या दिवशी माझा जितका मान झाला तितका पस्तीस वर्षांत कधी झाला नव्हता. घरी आल्यावर जैतुनबीनं हार उतरवून खुंटीला अडकवले. "परभणीच्या जलशाहून आलात त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता," ती म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी ऐकून आलात." आणि ती माझं सामान बांधायला आत गेली.

शनिवारी सकाळी जीप आली. परभणीहून रेल्वे होती. पारापाशी गाव जमलं होतं. पुन्हा हार, पुन्हा दुआ, पोरं जीपच्या मागं पळतायत. ओढ्याच्या पुलाशी मौलासाब उभे दिसले. हातात भरलेला लोटा होता. निघालेल्या माणसाला आपल्या हातचं पाणी पाजावं म्हणून ते बांधलेल्या गुडघ्यांनी तिथवर चालत आले होते.

मी जीप थांबवली आणि खाली उतरलो. मला परभणीपर्यंत पोचवायला निघालेली जैतुनबी आतच बसून राहिली.

"घ्या मास्तर," ते हसून म्हणाले. "पाणी पिऊन निघावं."

मी लोटा घेतला नाही. "चाचा, मला परवा नव्हतं कळलं," मी म्हणालो. "स्लॅब पडला त्याच महिन्यात कळलं होतं. मी गप्प बसलो. दीड वर्ष."

त्यांना आधी समजलंच नाही. हसू तसंच तोंडावर राहिलं. मग हळूहळू गेलं. ओठ हलत होते. महिने मोजत असावेत.

"म्हंजी तीन-चार चिंचोके तेवढे चुकून टाकले म्हणायचे," ते म्हणाले. "बाकीचे समदे तुमाला ठावं असून..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. एक हात आपसूक गुडघ्यावर गेला.

"माफ करा," मी म्हणालो.

दोन दिवसांपूर्वी हा शब्द त्यांच्या तोंडून किती पटकन आला होता. आता ते ओढ्याकडं बघत उभे राहिले. कोरडा ओढा, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. माझ्या गळ्यात पाच-सहा हार होते आणि उन्हात त्यांचा वास डोक्यात चढत होता.

"आता लगेच माफ न्हाई म्हणता येत, मास्तर," मौलासाब शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. "मला इचार करावा लागंल. तुमी जाऊन या."

मी मान हलवली आणि जीपकडं वळलो.

"पाणी पिऊन जा," ते मागून म्हणाले.

मी परत फिरलो. त्यांनी लोटा पुढं केला. तो मी घाईनं एका हातानं घेतला आणि काठावरून पाणी हिंदकळलं.

"दोनी हातानं धरा," ते म्हणाले. "सांडू नका."